मदत हवी आहे : निराधार योजनेसाठी १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा

नमस्कार मंडळी. आमच्या पॅरिशमधल्या (चर्चच्या हद्दीतल्या) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत, म्हणजे गरजूंना मदत करणाऱ्या कॅथलिक मंडळात, मी नवीनच आहे. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन सुरू केलेलं हे काम. पद्धत अजून तीच : दोघादोघांनी घरी जायचं, बसायचं, ऐकायचं. धर्म विचारायचा नाही.

नालासोपाऱ्यातल्या एका चाळीत ५८ वर्षांच्या विधवा मावशी आहेत. मूलबाळ नाही, धुणीभांडी गुडघ्यांमुळे सुटली. दरमहा रेशन आम्ही भरतो, पण आमच्या मीटिंगमध्ये देणगीसाठी फिरणाऱ्या पिशवीत पडून पडून किती पडणार? म्हणून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचाय. तिथे महाराष्ट्रातला १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. मावशींनी गादीखालून कॅरीबॅग काढली : नवऱ्याचा मृत्यूदाखला, मालकाच्या नावाची लाइटबिलं आणि २०१९ चं मतदार कार्ड. भाडेकरार कधी झालाच नाही. बाकीचं पुराच्या पाण्यात गेलं.

जुन्या मतदार यादीतलं नाव चालतं का? ती कुठून काढायची? वसई-विरारकडे कुणी हे प्रकरण मंजूर करून घेतलंय का? एजंट नकोत, एकाने आधीच दोन हजार मागितलेत.