विषय: शनिवारचा पुण्याचा कॉल परत मध्येच तुटला

नीलम:
मंडळी, पुण्यातल्या आपल्या आईबाबांसाठी आपलं मंडळ इथून परदेशातून दर शनिवारी झूम कॉल जोडतं ना, त्यात काल परत तेच. सहकारनगरचे काका 1961 च्या पानशेतच्या पुराचं सांगत होते, लकडी पूल पाण्याखाली, सगळं घर पर्वतीकडे पळालं, आणि फुकटच्या अकाउंटची 40 मिनिटं झाली म्हणून झूम बंद. आईला वाटलं तिनेच काहीतरी दाबलं, फोन टीपॉयवर उपडा ठेवला आणि परत लिंक उघडायलाच तयार नाही. एक पेड अकाउंट होस्टकडे असलं तरी पुरतं, बाकी कुणाला काही भरावं लागत नाही. मंडळाच्या समितीने आता ठरवा हो.

मिलिंद:
नीलम, गणपतीचा हिशोब अजून बंद व्हायचाय, खजिनदार म्हणून मध्येच नवीन खर्च मी टाकू शकत नाही, आधी कार्यकारिणीत येऊ दे. व्हॉट्सअॅप आहेच की, ते सगळ्यांना येतं.

शुभांगी:
मिलिंददादा, तिथे 32 च जण मावतात आणि फोनवर एवढे चौकोन दिसले की बाबांना कोण बोलतंय तेच कळत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. सगळे एकदम बोलले की कानातलं मशीन काढून ठेवतात. पाच-सहा जणांचे गट करा आणि लिंक दर आठवड्याला बदलू नका.

संजय:
लिंकवरून आठवलं. माझी आई आता कुठलीच लिंक उघडत नाही. तिच्या मैत्रिणीला खोट्या पोलिसांनी 'डिजिटल अरेस्ट' म्हणून दिवसभर व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं, घरात ती एकटीच. कायद्यात असली अटक नसतेच हे आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावायला सांगा प्लीज. आणि लिंक पाठवायच्या आधी साधा फोन करायचा, आवाज ओळखीचा हवा.

उषाकाकू (कोथरूड):
मी पुण्याला परत आले तरी मंडळाच्या लिस्टवर आहे, म्हणून लिहिते. संध्याकाळी सहा नको. सहाला आमचा कमला नेहरू पार्कातला कट्टा असतो, कॉलसाठी तो मोडायला लागले तर काय उपयोग? सात चालेल. आणखी एक, मुलांशी बोलायला रोजचा फोन आहेच. शनिवारी बरं वाटतं ते आमची आमच्यात ओळख होते म्हणून. सहकारनगरचे काका आणि आमच्या शेजारच्या वहिनी एकाच शाळेतले निघाले, आता एकमेकांकडे येणं-जाणं आहे. तुम्ही मुलं कॉल जोडून द्या, पंधरा मिनिटं बसा आणि मग निघून जा, आम्हाला मोकळेपणाने बोलू द्या.

मिलिंद:
काकू, पटलं. या महिन्याचं अकाउंट मी माझ्या कार्डावर घेतो, पुढचं कार्यकारिणीत. पण लिंक समितीच पाठवेल, गणपतीसारख्या तीन-तीन लिंका फिरायला नकोत.

नीलम:
लिंक समितीची, पण आधीचा फोन ज्याचा त्याने करायचा, हे नक्की ना? पुण्याचे सात म्हणजे सध्या आपले, ईस्टर्न टाइमचे, सकाळचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे गेलं की साडेआठ. ज्यांच्या मुलांचे शनिवारी सकाळी मराठी शाळेचे वर्ग असतात त्यांनी बुधवारपर्यंत कळवा.