मदत हवी आहे: घरचा बेस की युनियन?

अमेरिकेत रिजनल एअरलाइनमध्ये (मोठ्या एअरलाइन्ससाठी छोट्या मार्गांवर विमानं चालवणारी कंपनी) पायलट असलेलं कोणी आहे का इथे? स्कायवेस्ट आणि एन्व्हॉय अशा दोन रिजनलमधून एक निवडायची आहे. मी डेनव्हरला राहतो, स्कायवेस्टचा बेस (जिथून ड्युटी सुरू होते आणि जिथे संपते ते शहर) इथेच आहे म्हणजे ड्युटी संपली की घरी, पण तिथे पायलटांची युनियन नाही, कंपनीअंतर्गत असोसिएशन आहे, सापा. एन्व्हॉयमध्ये आल्पा ही पायलटांची युनियन आहे, काँट्रॅक्ट कायद्याने बांधलेला, पण बेस डॅलस, शिकागो अशा दूरच्या शहरात, म्हणजे रिझर्व्हवर (बोलावतील तेव्हा ड्युटीला हजर) असताना जंपसीटसाठी (कॉकपिटमधली जादा सीट, जिच्यावरून पायलट फुकट प्रवास करतात) धावा आणि क्रॅशपॅडचं (बेसच्या शहरातली पायलटांची शेअर केलेली खोली) भाडं वर (बायकोचं मत विचारूच नका). नंतर एअरलाइन बदलली तर सिनिऑरिटी परत शून्यापासून. शिस्तभंगाची चौकशी लागली तर युनियन नसल्याचा खरंच किती फरक पडतो? ज्यांनी दोन्हीकडे काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.