डाऊन सिंड्रोम असलेल्या भावाला परत परत न्यूमोनिया, कोणाला अनुभव आहे का?

कुडाळची_ताई: नमस्कार, माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम आहे. पावसाळा सुरू झाला की छाती भरते, गेल्या वर्षी अ‍ॅडमिट केला होता आणि आता परत न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले अशा मुलांना होतंच, दमट हवा आहे वगैरे. पण जेवताना त्याला सारखा ठसका लागतो, पेज पिताना तर हमखास, त्याचा काही संबंध असेल का? आई म्हणते घाईघाईत खातो म्हणून.

रत्नागिरी_सिस्टर: ताई, संबंध आहे आणि मोठा आहे. डाऊनमध्ये स्नायू सैल असतात, गिळण्याचा ताळमेळ जमत नाही, मग अन्न थोडं थोडं श्वासनलिकेत जातं आणि फुफ्फुसात इन्फेक्शन होतं, त्याला अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया म्हणतात. पेज, चहा, सोलकढी असलं पातळ सगळ्यात वाईट कारण ते पटकन घसरतं, मऊ भात त्यापेक्षा बरा. आणि कधी कधी ठसका न लागताही आत जातं हे लक्षात ठेवा. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, बोलण्यासाठीच असतात असं नाही.

देवगडचे_बाबा: आमच्या मुलीचं पण हेच. मी आधी बाजारातली ती पातळ पदार्थ घट्ट करायची पावडर आणायला निघालो होतो, थेरपिस्ट बाई म्हणाल्या थांबा, आधी ती बसते कशी ते दाखवा. पाटावर वाकून बसायची ना, मान पार खाली. आता खुर्चीवर ताठ, छोटा चमचा, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, टीव्ही बंद (यावरून घरात रोज महाभारत), जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. शिवाय रात्री दात घासून देतो, तोंडातले जंतूच छातीत उतरतात म्हणे. फिटच्या गोळ्या असतील तर तेही सांगा डॉक्टरना, काहींनी गुंगी येते, लाळ वाढते.

चिपळूण_ते_लीड्स: इथे लीड्सला केअर होममध्ये (अपंग-वृद्धांना सांभाळतात तिथे) काम करतो म्हणून लिहितो. ‘होतंच’ हे ऐकून राग आला. इंग्लंडमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांच्या मृत्यूंची चौकशी झाली, २०१३ चा अहवाल, त्यात पुरुष इतरांपेक्षा १३ वर्षं आणि बायका २० वर्षं आधी जातात असं निघालं, आणि श्वसनाचे आजार हे मोठं कारण. बरेच मृत्यू टाळता आले असते. अडचण काय होते, पेशंट सांगू शकत नाही आणि बघणारा म्हणतो हा असाच असतो. त्यामुळे तब्येत बरी असताना त्याचा श्वास मिनिटाला किती, ऑक्सिजन किती, ते लिहून ठेवा. आजारी पडल्यावर तो जेवण टाकतो, गप्प बसतो, जास्त झोपतो, हीच लक्षणं धरायची, ताप येईपर्यंत थांबू नका.

मालवणी_माणूस: ताई घाबरू नको गो. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांक इचारून घे, पावसाच्या आधीच. आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना बघितलास काय, एक लाखापर्यंत खर्च मिळता, आधीचो आजार असलो तरी चालता, अपंगत्वाचा सर्टिफिकेट लागता. थेरपीचो खर्च पण धरतत.

कुडाळची_ताई: सगळ्यांचे आभार, निरामय माहीतच नव्हतं. आज पेज बंद करून मऊ भात दिला, ठसका कमी वाटला पण एका दिवसात काय कळणार. इकडे गिळण्याचं बघणारे कोणी आहेत का, की कोल्हापूर गाठावं लागेल?

रत्नागिरी_सिस्टर: आधी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात विचारा. जाताना जेवतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ न्या, ठसका लागतो तो भाग दिसेल असा, आणि पाण्याचा पेला पण दिसू दे. एक्सरेची फिल्मही घ्या. आणि भात एकदम कोरडा नको हं, चिकट गोळा घशात अडकतो.