सांगशाकचे १९४४चे अवशेष: जिवंत काय, मेलेलं काय आणि गंज कसा काढावा?

रानवाट:
हिवाळ्यात मणिपूरला जायचंय. इम्फाळजवळचं माईबम लोटपा चिंग (तीही १९४४च्या लढाईची टेकडी) आणि मुख्य म्हणजे सांगशाक, कारण मार्च १९४४मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण तिथे जपान्यांशी लढली. तिथल्या मोर्च्यांमध्ये (जुन्या खंदकांत) जिवंत दारूगोळा कसा ओळखायचा? आणि तिकडून आलेली गंजकी संगीन, काडतुसांच्या पितळी पुंगळ्या व एक हेल्मेट साफ कसं करायचं?

पुंगळी३०३:
आधी इनर लाइन परमिट (मणिपूरमध्ये शिरायचा परवाना) काढा, मग गावप्रमुखांची परवानगी घ्या. डोंगरातली जमीन गावाची असते. खोदू नका. मोर्च्यांवरचे ओंडके कधीच कुजलेत, वरची माती पोकळ राहते आणि पायाखाली बसते.

पुंगळीला गोळी बसलेली असेल तर ती जिवंतच धरा. बुडाच्या टोपीवर आघाताचा खळगा दिसला तरीही, कारण तो न उडालेल्या काडतुसावरही असतो. परवान्याशिवाय असं काडतूस बाळगणं शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. रिकाम्या पुंगळ्याही विमानाच्या सामानात नकोत.

सर्वात घातक म्हणजे ३६ नंबरचा मिल्स हातबाँब. पिन झिजून गेलेली असते, आतली स्प्रिंग ताणलेलीच असते आणि लिव्हर फक्त गंजाने धरलेली असते. ७७ नंबरच्या बाँबमध्ये पांढरा फॉस्फरस असतो. पत्रा फुटून हवा लागली की तो आपोआप पेटतो. काही जपानी तोफगोळ्यांत पिक्रिक आम्ल असतं. धातूशी संयोग होऊन त्याचे क्षार बनतात आणि ते नुसत्या घर्षणाने उडू शकतात. उचलू नका, लाथाडू नका. लांबून फोटो काढा, आल्या वाटेने मागे फिरा, ११२ला कळवा. हाडं दिसली तरी तसंच करा. तिथली एकही वस्तू हलवू नका, कारण मृताची ओळख पटायची ती त्यावरूनच.

गंजमुक्त:
संगिनीसाठी इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे पाण्यात वीज सोडून गंज सुटा करणं. प्लास्टिकच्या टबात १० लिटर पाणी, ५० ते १०० ग्रॅम धुण्याचा सोडा (खायचा नव्हे), १२ व्होल्टचा चार्जर, एक-दोन अँपिअर. ऋण टोक संगिनीला, धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. उलटं जोडलंत तर संगीनच झिजेल. स्टेनलेसची पट्टी अजिबात नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून टब उघड्यावर ठेवा. लाकडी मूठ निघत असेल तर आधी काढा.

नंतर नायलॉनच्या ब्रशने काळा थर काढा आणि डिस्टिल्ड पाणी बदलत बरेच दिवस भिजवा. हीच पायरी लोक टाळतात. आत क्षार राहिले की पहिल्याच पावसाळ्यात गंज पुन्हा फुटतो. शेवटी ओव्हनमध्ये १०० अंशांवर तासभर वाळवून, कोमट असतानाच मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा.

पितळेला चिंच-लिंबू लावू नका, आम्लाने जस्त निघून पुंगळी गुलाबी पडते. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

रानवाट:
हेल्मेटलाही हाच सोडा?

गंजमुक्त:
नाही! मूळ रंगाचा कण जरी उरला असेल तरी नाही. इलेक्ट्रोलिसिसने रंग सोलून निघतो. सैल माती झटका, पातळ तेलाचा हात फिरवा, बस.

पुंगळी३०३:
पुंगळ्यांची बुडं भिंगाखाली नक्की बघा. 'के एफ' असेल तर ती आपल्या खडकीच्या कारखान्यातली, शेजारचे दोन आकडे वर्षाचे. संगिनीवर 'आर एफ आय' म्हणजे ईशापूरचा रायफल कारखाना. पातं १२ इंची असेल तर भारतीय घडणीची शक्यता जास्त, १९०७चा मूळ नमुना १७ इंची होता. साफ करायच्या आधीच या खुणांचे फोटो घ्या, कारण खोल गंजाबरोबर उथळ अक्षरंही जातात.