पेन्सिल सेलवर चालणारा खिशातला टॉर्च सुचवा

मंडळी, एक छोटा टॉर्च घ्यायचाय, खिशात मावेल असा आणि साध्या पेन्सिल सेलवर (एए) चालणारा. यूएसबी चार्जिंगवाले ढिगाने मिळतात पण आतली बॅटरी मेली की बऱ्याचदा अख्खा टॉर्च फेकावा लागतो, म्हणून ते नकोत.

ट्रिपल ए वाला आणखी बारीक असतो, पण त्या सेलचा दम एएच्या निम्माही नसतो, त्यामुळे एकच एए सेल लागणारा बरा असं वाटतंय, बरोबर ना? सेल रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड वापरणार, अल्कलाइन आत राहिले की गळतात आणि स्प्रिंग गंजते. पण रिचार्जेबल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे, तर उजेड कमी पडतो का? की सर्किट चांगलं असेल तर फरक कळत नाही?

आणि ते १४५०० लिथियम सेल, साइज सेम एएची पण ३.७ व्होल्ट, ते कुठल्याही टॉर्चमध्ये घातले तर एलईडी उडेल ना?

लुमेनचे (उजेडाच्या मापाचे) मोठे आकडे नकोत, ते मिनिटभरात उतरतात. अगदी मंद मोड हवा आणि आयपीएक्स७ (म्हणजे पाण्यात पडला तरी टिकणारा) असेल तर उत्तम. बटण मागे बरं की बाजूला? वापरणाऱ्यांनी मॉडेलसकट सांगा प्लीज.