मदत हवी आहे : विमानाच्या इंजिनात डोकवायला परवडणारा बोअरस्कोप कोणता घ्यावा?

धावपट्टीकाठचा

नमस्कार मंडळी,

विदर्भातल्या एका लहान धावपट्टीवर, फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये मी टेक्निशियन आहे. बिरसी, मोरवा की बेलोरा ते विचारू नका. आमच्याकडे हे जग एवढंसं आहे की उद्या सकाळी चहाच्या टपरीवर हाच विषय निघेल. लायसन्स अजून हातात नाही, सीएआर-६६ची, म्हणजे त्या लायसन्सच्या परीक्षेची, मॉड्यूल्स देणं सुरू आहे. म्हणजे पाना माझा, सही इंजिनिअर साहेबांची.

आमच्याकडे सेस्ना १५२ आणि १७२ आहेत, दोन्हींना लायकमिंगची इंजिनं. शंभर तासी तपासणीत कॉम्प्रेशन टेस्ट होते. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाने हवा सोडायची आणि दुसऱ्या गेजवर किती टिकते ते पाहायचं. एखादं सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खाली आलं की कान लावायचा. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेककडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या नळीतून आली तर रिंगा. कानाने एवढं कळते. पण व्हॉल्व्ह खरंच जळत चालला आहे की सीटवर कार्बनचा कण अडकला आहे, हे डोळ्यानेच पाहावं लागते. नाही पाहता आलं तर सिलिंडर उतरवा, आणि तो उद्योग ज्याने केला त्यालाच विचारा.

हँगरचा बोअरस्कोप जुना झाला आहे. त्याचं टोक अर्धवटच वळते आणि चित्र धुरकट येते. नवा मंजूर झाला म्हणतात, कधी येईल ते खरेदीवाल्यांनाच ठाऊक. नागपूरच्या मिहानमधल्या मोठ्या हँगरांसारखे लाखांतले व्हिडिओ बोअरस्कोप आमच्या नशिबी नाहीत, ते सोडा. स्वतःच्या खिशातून एक घ्यावा म्हणतो. निदान साहेबांना फोटो दाखवून "सर, हे पाहा" म्हणता यावं आणि माझा हातही बसावा. बजेट पंधरा हजार, ओढूनताणून अठरा.

ऑनलाइन पाहून डोकं चक्रावलं. हजार-दीड हजारात वायरीच्या टोकावर कॅमेरा मिळतो, तो मोबाइलला जोडायचा. त्याच्या वर स्वतःचा स्क्रीन असलेले आणि समोर एक, बाजूला एक असे दोन लेन्सवाले. त्याहून वर टोक फिरवता येणारे. कुणी ५ मेगापिक्सेल लिहितो, कुणी १०८०पी, कुणी सोबत आरसा, हुक आणि चुंबक फुकट देतो. कॅमेरा स्पार्क प्लगच्या भोकातून आत घालायचा; विमानाचा प्लग १८ मिमी आट्यांचा, तेव्हा ८ मिमीचं डोकंही आरामात जाईल असा हिशेब केला. पण बाकी काय पाहून घ्यावं? दोन लेन्सवाल्याने काम भागेल का? वायफायवाला चालेल का? आणि आमच्या इकडे मे महिन्यात पत्र्याखाली हे टिकते का, तेही सांगा.

घरी मामांचा ट्रॅक्टर आहे आणि गावातल्या अर्ध्या मोटरसायकली माझ्याच दारात उभ्या असतात. त्यामुळे वस्तू रिकामी पडून राहणार नाही.

वऱ्हाडी_ठोक

भाऊ, पहिले ट्रॅक्टरवाल्या मामाले विचार पैसे कोण देऊन राहिला ते. काम त्याचंच जास्त निघनार हाये.

बाकी मी हजारवाला घेतला होता, बोअरवेलच्या केसिंगमध्ये काय अडकलं ते पाहाले. पान्यात चालला बापा. इंजिनमध्ये टाकला तं समोरची भिंतच दिसे. मागं वळून पाहाची सोयच नाही त्याले.

मॅग्नेटो_काका

वऱ्हाडीभाऊंनी नेमकं दुखणं सांगितलं. आता जरा सविस्तर लिहितो. आयुष्य पिस्टन इंजिनांत गेलं, आता निवृत्त आहे.

प्लगचं भोक हेडमध्ये असते आणि व्हॉल्व्हही हेडमध्येच. भोकातून सरळ आत गेलास की समोर दिसते पिस्टनचं डोकं आणि पलीकडची भिंत. व्हॉल्व्ह तुझ्या पाठीमागे राहिला. त्याचा चेहरा पाहायचा तर कॅमेऱ्याला आत जाऊन उलटं, आल्या वाटेकडे वळता आलं पाहिजे. बाजूची लेन्स ९० अंशात पाहते. तिने सिलिंडरची भिंत छान दिसते, व्हॉल्व्हची कड ओझरती दिसते, पण पूर्ण चेहरा नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की टोक १८० अंशांपर्यंत वळणारा घे. पैसे त्या वळण्यासाठी मोज, मेगापिक्सेलसाठी नको.

अमेरिकेत छोट्या विमानांचे मालक विविडिया कंपनीचा एबलस्कोप व्हीए-४०० बरेच वापरतात. दांडा कडक असतो, डोकं मुठीवरच्या चाकाने शून्यापासून १८० अंशांपर्यंत वळते आणि वायर यूएसबीची. रिझोल्यूशन फक्त ६४०×४८०, तरी व्हॉल्व्ह ओळखायला पुरते. तिकडे दोनशे डॉलरच्या आसपास मिळायचा. इथे मागवलास तर कुरिअर आणि कस्टम धरून तुझं बजेट पार होईल, म्हणून त्याच धाटणीचा काही इथे मिळतो का पाहा. कडक दांड्याचा फायदा असा की आत नेमकं कुठे आहोत ते हाताला कळते. लवचिक वायर आत जाऊन मनाला येईल तशी फिरते.

दुसरी गोष्ट फोकसची. हे स्वस्त कॅमेरे ठरावीक अंतराच्या फोकसचे असतात. नळात घालायचे असतात म्हणून पुष्कळांचा फोकस चार-पाच सेंटिमीटरपासून पुढे सुरू होतो. १७२च्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, सुमारे १३० मिमी आणि १५२चा सुमारे १११. टोक वळवून व्हॉल्व्हसमोर आणलं की मधे दोन-तीन सेंटिमीटरच उरतात. तिथेच चित्र पुसट झालं तर सगळं मुसळ केरात. दुकानात पेपरातल्या छोट्या जाहिरातीसमोर धर, दोन सेंटिमीटरवर अक्षर वाचता येते का पाहा, मग दहावर. दोन्हीकडे वाचता आलं तर पैसे दे.

आता काय पाहायचं ते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा चेहरा भाकरीसारखा समज. मधे तांबूस-तपकिरी आणि कडेने गोल एकसारखी फिकट पट्टी असेल तर बरी भाजली. एकाच बाजूला कडेला डाग, रंग वेगळा, गोलाई बिघडलेली, तर त्या बाजूने व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही आणि तिथून गरम गॅस निसटतो. तो डाग पुढच्या तपासणीला वाढला का, हे महत्त्वाचं. म्हणून प्रत्येक सिलिंडरचा फोटो दर वेळी एकाच कोनातून काढ आणि नावात विमान, सिलिंडर नंबर आणि इंजिनाचे तास लिही. नुसता एक फोटो फारसं बोलत नाही, मागच्या फोटोशेजारी ठेवला की बोलतो.

कॉन्टिनेंटल या दुसऱ्या इंजिन कंपनीने २००३ मध्ये एसबी०३-३ या सर्व्हिस बुलेटिनमध्ये कॉम्प्रेशन टेस्टच्या जोडीला बोअरस्कोप घातला. मुद्दा हाच की आकडा कमी आला म्हणून लगेच सिलिंडर उतरवू नका, आधी आत पाहा. तुमची इंजिनं लायकमिंगची, त्यांचे कागद वेगळे, तुमच्या साहेबांकडे असतील. ते आधी वाच.

धावपट्टीकाठचा

काका, मनापासून आभार. भाकरी डोक्यात पक्की बसली.

दोन शंका. पावसाळ्यात विमानं बराच वेळ उभी असतात. भिंतीवरचा गंज या कॅमेऱ्यात दिसेल ना? आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचं काय? आमच्याकडे एकजण म्हणतो की बोअरस्कोप घेतला की कॅमही पाहता येईल.

मॅग्नेटो_काका

भिंत दिसेल. प्रोपेलर फिरवून पिस्टन अगदी खाली आणून ठेव म्हणजे जास्तीत जास्त भिंत उघडी पडते. होनिंगच्या (सिलिंडर घासताना मुद्दाम पाडलेल्या) तिरप्या रेघा अजून आहेत का, उभे ओरखडे आहेत का, तांबूस ठिपके आहेत का, हे पाहायचं. ठिपका बोटाने पुसता येत नाही, म्हणून हलका गंज की खोल खड्डा हे प्रकाश कमी-जास्त करून ठरवावं लागते. दिव्याचा उजेड कमी करायची सोय असलेलाच घे. पूर्ण उजेडात चकचकीत धातू नुसता पांढरा दिसतो.

कॅम मात्र प्लगच्या भोकातून दिसत नाही. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर केसमध्ये असते. सिलिंडरच्या आतून तिकडे वाट नाही. सांगणाऱ्याला चहा पाज आणि विषय बदल.

आणि हे नीट वाच. फुकट मिळणारा आरसा, हुक, चुंबक घरीच ठेव. ते टोकाला नुसते अडकवलेले असतात. आत सुटले की तोच सिलिंडर उतरवायची वेळ, जो उतरवायला नको म्हणून कॅमेरा घेतला. स्विच बंद, चाकांना चोक (अडवायचे ठोकळे), प्रत्येक सिलिंडरचा निदान एक प्लग काढलेला आणि उरलेल्यांच्या लीड काढून ठेवलेल्या, एवढं झाल्याशिवाय प्रोपेलरला हात नाही. प्लगला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं अर्थिंग तुटलेलं असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते. कॅमेरा आत असताना प्रोपेलर कुणी हलवायचा नाही, पिस्टन वर येऊन टोकाचा भुगा करतो. आणि बाहेर काढायच्या आधी टोक सरळ कर. वाकलेलं टोक आट्यांत अडकते आणि आतली तार तुटते. स्वस्त कॅमेरे मरतात ते बहुतेक असेच.

बर्डीचा_बाबू

नागपुरातून लिहितोय, अशा वस्तू दुरुस्त करणं हा माझा धंदा. काकांच्या लिहिण्यात थोडी भर.

वायफायवाला घेऊ नका. चित्र मागून येते, तुम्ही टोक इकडे वळवता आणि स्क्रीनवर ते जरा वेळाने वळते. त्याची बॅटरीही ऐन वेळी बसते. यूएसबी-सीचा, साध्या अँड्रॉइड मोबाइलवर चालणारा घ्या. घेण्याआधी तुमचा मोबाइल ओटीजी चालवतो का, म्हणजे जोडलेलं यूएसबी यंत्र ओळखतो का, ते तपासा. आयफोनवर हे यूएसबीवाले सहसा चालत नाहीत.

५ मेगापिक्सेलचं प्रकरण असं की सेन्सर लहान असतो आणि चित्र सॉफ्टवेअरने फुगवलेलं असते. ६४० असो की १२८०, खरा आकडा सांगणारा दुकानदार मिळाला तर त्याच्याकडूनच घ्या. वायर एक मीटर पुरे. दहा मीटरवाली गटारासाठी असते, हँगरमध्ये फक्त पायात येते.

उन्हाळ्याचं म्हणाल तर या कॅमेऱ्यांची मर्यादा साधारण ६०-७० अंशांपर्यंत असते. उड्डाण करून आलेल्या इंजिनात घालू नका, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. कॅमेऱ्याआधी तुमचा मोबाइलच तापून स्क्रीन मंद करेल. चंद्रपूरकडचे माझे एक गिऱ्हाईक डोक्याचा दुपट्टा सोडून मोबाइलसकट त्यात तोंड खुपसून पाहतात. उजेडही अडतो आणि स्क्रीन स्पष्ट दिसतो. सकाळी लवकर काम करणं उत्तम.

अजून एक, कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. हे कॅमेरे पेट्रोलच्या वाफेत वापरायचे नसतात. "पाण्यात चालतो" लिहिलं म्हणून इंधनाच्या टाकीत घालू नका. आत वीज आहे आणि स्फोट न होण्याची कुठलीही हमी नाही.

जुना_गंज

टर्बाइनसाठी चालेल का हो हा? आमच्याकडे पीटी६ आहे.

मॅग्नेटो_काका

नाही. तिथे ब्लेडवरचा खड्डा किती लांब, किती खोल हे मोजून मॅन्युअलच्या मर्यादेशी जुळवावं लागते. मोजणारा, कॅलिब्रेशन असलेला बोअरस्कोप हवा आणि आत नेणारी गाइड ट्यूबही. पंधरा हजारांत तो विषयच नाही.

धावपट्टीकाठच्या, एक राहिलं. तुझा स्वतःचा कॅमेरा हँगरमध्ये नेण्याआधी साहेबांना सांग आणि हत्यारांच्या रजिस्टरमध्ये नोंद कर. टोकाची टोपी, लेन्सची रिंग, जे जे सुटू शकते ते आधी आणि नंतर मोज. आणि फोटो पाहून "चालते" म्हणायचा अधिकार सही करणाऱ्याचा. तू फक्त दाखव.

वऱ्हाडी_ठोक

आधी स्प्लेंडरवर हात बसव न भाऊ. प्लग काढ अन् टाक आत. बोअर ५० मिमीचा, तिथं टोक वळलं तं विमानात डोळे झाकून वळन. पर डोकं ८ मिमीचं घेशील तं स्प्लेंडरच्या भोकातून जरा घासूनच जाईन, हे ध्यानात ठेव.

धावपट्टीकाठचा

सगळ्यांचे आभार. दोन लेन्सवाला कार्टमध्ये टाकून ठेवला होता, तो काढला. साहेबांशी आजच बोललो. म्हणाले, आण, पण आधी मला दाखव, रजिस्टरला मी चढवतो.

आता ठरवलं ते असं: कडक दांडा, टोक १८० अंश वळणारं, साडेपाच मिमी, यूएसबी-सी, उजेड कमी-जास्त करायची सोय. दोन सेंटिमीटरवर पेपर वाचता आला तरच घ्यायचा. अडचण एकच, आमच्या तालुक्याला दुकानात धरून पाहायला असं काही मिळत नाही आणि ऑनलाइनवाले परत घ्यायला कुरकुर करतात. बाबूभाऊ, तुमच्याकडे किंवा सीताबर्डीवर कुणाकडे असा वळणाऱ्या टोकाचा पाहायला मिळेल का? परीक्षेच्या कामाने नागपूरला यायचंच आहे.

बर्डीचा_बाबू

दुरुस्तीला आलेला एक आहे. टोक वळते, उजेडाचं बटण खराब आहे, ते बसवून ठेवतो. मालकाला विचारून हातात देतो. पेपर तुम्ही आणा, आणि येताना मोबाइलची ओटीजी पिन विसरू नका. रविवार सोडून कधीही या.