शब्दचर्चा : ‘सेट फुटला’ म्हणजे नक्की काय झालं?

राजारामपुरी —
मंडळी, मला एक शब्द पाहिजे, खरंतर तीन-चार पाहिजेत. आम्ही कोल्हापुरातली आठ-दहा माणसं लेगो बांधतो, म्हणजे सेटच्या खोक्यातल्या प्लास्टिकच्या विटा एकमेकींवर बसवून इमारती वगैरे करतो, सगळे तिशी-चाळिशीच्या पुढचे, एक काका तर साठीचे. पोरांसाठी न्हवं, स्वतःसाठी. आमच्यासारख्यांना जगभर ॲफॉल म्हणतात आणि 2020 पासनं कंपनी मोठ्यांच्या सेटच्या खोक्यावर 18+ असं छापतेय. महिन्यातनं एका रविवारी कुणाच्यातरी घरी जमतो, मिसळ खाऊन येतो नि बांधायला बसतो, आणि बांधण्याइतकाच वेळ पुढं काय येणार ह्या बोलण्यात जातो, जानेवारीत कुठली बिल्डिंग, कुठला सेट कंपनी काढायचं बंद करणार, ताजमहाल परत काढतील काय. ते बोलणं मला बांधण्याइतकंच आवडतं, म्हणून तर हा धागा काढला.

तर मागं एकानं ग्रुपवर टाकलं, “जानेवारीचा सेट फुटला.” त्याला म्हणायचं होतं की सेटचा नंबर, तुकडे किती आणि किंमत एवढं आधीच बाहेर आलंय, फोटो अजून नाही. काकांनी वाचलं आणि लगेच फोन, “कुणाच्या हातनं पडला? तुकडे सगळे सापडले काय?” पेपर फुटला म्हटलं की कुणालाबी कळतं, पण सेट फुटला म्हटलं की फरशीवर पडल्यागत वाटतं.

दुसरा गैरसमज मला जास्त लागला. एका मित्रानं लिहिलं, “हा सेट डिसेंबरात बंद होणार.” मी ते बातमी म्हणून वाचलं आणि घाईघाईनं एका विक्रेत्याकडनं छापील किमतीवर अडीच हजार जास्त देऊन घेतला. आधीच आपल्याकडं हे सेट महाग, परदेशी खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 ला 20 टक्क्यांवरनं 60 झाली, 2023 ला 70, त्यात हे वरचे अडीच हजार. तो सेट पुढं दहा महिने सरळ मिळत होता. मित्र खोटं बोलला नव्हता. त्यानं आधीच्या सेटांवरनं हिशोब केला होता, पण लिहिताना त्याच्याकडं ‘होणार’ सोडून दुसरा शब्दच नव्हता.

म्हणून विचारतोय. बाहेर आलेली माहिती वेगळी, कुणीतरी उठवलेली गोष्ट वेगळी, आपण खुणा बघून केलेला अंदाज वेगळा आणि नुसती इच्छा वेगळी. ह्या चारींना आम्ही ‘लीक’ म्हणतोय. मराठीत काय काय बसेल?

शाहूपुरी —
दादा, ‘फुटणे’ सोडू नका, चांगला शब्द आहे. काय फुटलं तेवढं बरोबर लिहा. पेपर फुटतो तेव्हा कागदाचे तुकडे होत नाहीत, सील करून आत ठेवलेलं बाहेर येतं. बिंग फुटतं, वाचा फुटते, कोंब फुटतो, धरण फुटतं, सगळीकडं आत दाबलेलं काहीतरी बाहेर पडतंय. आता सेट ही वस्तूच तुकड्यांची, म्हणून तिला ‘फुटला’ लावलं की मन पडण्याकडंच जातं. ‘सेटची बातमी फुटली’ किंवा ‘नंबर फुटला’ असं लिहा, काकांचा फोन येणार नाही. मी शाळेत मराठी शिकवत होते, मुलांना नेहमी सांगायची की शब्द अडला तर आधी त्याचा कर्ता तपासा.

मंगळवार पेठ —
एवढं कशाला, अफवा म्हणा की सरळ. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे, सीझन जवळ आला की कुठला प्लेअर कुठल्या तालमीकडनं खेळणार ह्याच्यावर कट्ट्यावर रोज नवीन ऐकायला मिळतंय. आम्ही त्याला ‘हवा’ म्हणतो. “हवा हाय बाबा, खरं खोटं माहीत नाही.” पाटाकडील तालीम असो नाहीतर खंडोबा तालीम, सही होईपर्यंत सगळी हवाच.

राजारामपुरी —
हवा आवडला. पण भावा, अफवा म्हटलं की मित्रावर आळ येतो. त्यानं कायबी पसरवलं नव्हतं, त्यानं विचार केला होता.

शाहूपुरी —
तुमचं दुखणं बरोबर जागी आहे. ‘अफवा’ अरबीतनं आलाय, तिथं त्या शब्दाचा अर्थ ‘तोंडं’, तोंडाचं अनेकवचन. म्हणजे ह्या तोंडातनं त्या तोंडात गेलेलं. त्यात विचार कुणीच केलेला नसतो. मराठीत ह्या जातीचे शब्द भरपूर आहेत आणि त्यांची क्रियापदं बघण्यासारखी आहेत. अफवा पसरते. आवई उठते. कंडी पिकते. पुडी सोडतात. वावडी उडवतात, आणि वावडी म्हणजे पतंग, माझे वडील पतंगाला वावडीच म्हणायचे. सगळं कसं वर, हवेत, हातातनं सुटलेलं. त्या हिशोबानं मंगळवार पेठेतल्या दादांची ‘हवा’ ह्याच घरातली.

पुडी आणि वावडीत थोडा फरक करते मी. पुडी सोडणारा एकटा असतो आणि त्याला माहीत असतं आपण काय करतोय. वावडी उडाली की दोरी कुणाच्या हातात आहे ते कळत नाही. अंधुक झालेला फोटो टाकून “आतल्या माणसानं दिलाय” असं कुणी म्हणालं तर मी त्याला पुडी म्हणेन, आणि तीच गोष्ट चार ग्रुप फिरून आली की वावडी.

राजारामपुरी —
ताई, तुमचं वाचून दुसरी बाजू लख्ख दिसली. अंदाज बांधतात. अटकळ बांधतात. आडाखे बांधतात. तर्कसुद्धा बांधतात. आम्ही जे विटांचं करतोय तेच क्रियापद! उडवायचे शब्द एकीकडं नि बांधायचे शब्द एकीकडं, आणि माझ्या अडीच हजारांचा घोळ ह्या दोन्हीच्या मधल्या जागेत झाला, मित्रानं बांधलेलं होतं आणि मी फुटलेली बातमी म्हणून वाचलं. हे मला आजवर सुचलं नव्हतं.

मग आता बांधायच्या शब्दांत काय फरक? आमचंच उदाहरण देतो. लेगोची मॉड्युलर बिल्डिंगची मालिका आहे, एकमेकींना जोडून रस्ता तयार होतो अशा इमारती, पहिली 2007 ची कॅफे कॉर्नर. अलीकडं ती बहुतेक जानेवारीत येते. 2021 ला पोलीस स्टेशन, 2022 ला बुटीक हॉटेल, 2023 ला जॅझ क्लब, नॅचरल हिस्ट्री म्युझियम तेवढं महिनाभर आधी, डिसेंबर 2023 लाच आलं, मग 2025 ला ट्यूडर कॉर्नर. आता “पुढच्या जानेवारीत एक मॉड्युलर येणार” असं मी म्हटलं तर ते काय? आणि “ह्यावेळी पोस्ट ऑफिस असेल, कारण ह्या रस्त्यावर अजून ते नाही” असं म्हटलं तर ते काय? दोन्ही अंदाजच, पण वजन सारखं नाही.

शाहूपुरी —
पहिला आडाखा, दुसरी अटकळ. आडाख्यामागं पुनःपुन्हा आलेला अनुभव असतो. शेतकरी वारा बघून पावसाचा आडाखा बांधतो तो काही एका वर्षाच्या जोरावर नाही. अटकळीला एखादी खूण पुरते, म्हणून ती चुकली तरी माणूस फारसा खजील होत नाही. आडाखा चुकला की मात्र माणूस विचारात पडतो, वर्षानुवर्षं चालत आलेलं मोडलं म्हणून. कयास अरबी, अंदाज फारसी, दोन्ही मराठीत मुरलेत. अंदाज तर इतका मुरला की तो कशालाही चालतो, मिठापासनं माणसाच्या वयापर्यंत, म्हणून तुमच्या कामाला तो ढिला पडेल. होरा ज्योतिषातला, मूळचा ग्रीक. “माझा होरा चुकला” छान वाटतं कानाला पण त्यात कारण सांगायची जबाबदारी नाही, म्हणून मी सुचवणार नाही.

इचलकरंजी —
भाकणूक म्हणा की मग! पुढं काय होणार तेच तर सांगायचंय.

पट्टणकोडोली —
नको. मी गावातलाच आहे म्हणून सांगतो, राग मानू नका. आमच्याकडं विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडे बाबांची भाकणूक होते, पाऊसपाणी, पीक, रोगराई, राजकारण ह्याच्यावर. भंडाऱ्यानं सगळं माळ पिवळं झालेलं असतंय आणि लोक लांबनं लांबनं ती ऐकायला येतात. ती देवाच्या जागी बोललेली गोष्ट, तिला कुणी “पुरावा काय” असं विचारत नाही आणि विचारूबी नये. तुमच्या सेटाला पुरावा विचारलाच पाहिजे. शब्द तिथला तिथं राहूद्या. ‘भाकीत’ वापरा पाहिजे तर, तो पेपरात निवडणुकीला पण चालतो.

इचलकरंजी —
पटलं. मागं घेतो.

उद्यमनगर —
मी डाय बनवतो, म्हणजे प्लास्टिक मोल्डिंगचे साचे. लेगो बांधत नाही पण पोराच्या विटा हातात घेऊन बघितल्यात आणि धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, ते काम लई वरचं आहे. 1958 सालची वीट आजच्या विटेवर बसते म्हणजे साचा किती मायक्रॉनात सांभाळला असेल बघा, जरा सैल झाली तर पकड जाणार, जरा घट्ट झाली तर पोराच्या हातनं निघणार नाही. आता तुमच्या अंदाजांबद्दल. पोलादाचा साचा स्वस्तात होत नाही, त्यामुळं एखाद्या सेटात नवीन आकाराचा तुकडा दिसला तर तो एकाच सेटापुरता कुणी करत नसतोय, पुढं आणखी कुठंतरी येणार. हा माझ्या मते आडाखा झाला, कारण आम्ही पण तसंच करतो.

पण एक शब्द राहिलाय. ताळा. आडाखा बांधला, बरं, तो तपासला कुणी? शाळेत गणित सोडवलं की उलटं करून ताळा बघायला लावायचे. ताळेबंदातला ताळा तोच. पोरानं मला सांगितलं की एका रंगाच्या आठ गुंड्यांच्या सहा विटा 91 कोटी 51 लाख 3 हजार 765 प्रकारांनी एकमेकींवर बसवता येतात. सहा विटांचं एवढं, तर मग सहा खुणा मिळाल्या की त्यातनं कायबी बांधून होतंय की. नंबर अमुक, तुकडे तमुक, किंमत एवढी, झालं, कुणी वाडा बांधतंय कुणी जहाज. म्हणून ज्यानं ताळा बघितलाय त्यानं तसं लिहावं, “ताळा जमतोय”, आणि नसेल बघितला तर “ताळा नाही बघितला”. आमच्यात जॉब तपासल्याशिवाय पार्टीला पाठवत नाही.

राजारामपुरी —
दादा, हे फार कामाचं. ताजमहालाचंच बघा. पहिला 2008 ला आला, 5,922 तुकड्यांचा. बंद झाल्यावर लोकांनी खोकी न उघडता साठवली, हा परत निघणार नाही म्हणून. ती अटकळ होती आणि तिचा ताळा कुणी बघितला नव्हता. 2017 ला तोच परत आला, 5,923 तुकडे, नंबर नवीन. जे वाट बघत थांबले होते त्यांचं भलं झालं, त्यात आमचे काका. त्यांनी तो चार महिने बांधला, रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास, आणि घुमट बसवायच्या दिवशी आम्हाला सगळ्यांना बोलावलं होतं.

रंकाळा —
चौथं राहिलं ना भाऊजी, इच्छा. माझे मिस्टर तुमच्या ग्रुपात आहेत, मी बांधत नाही पण ऐकत असते. “भवानी मंडपाचा सेट येणार बघ” असं ते दर दिवाळीला म्हणतात. मला माहीत आहे ती बातमी नाही, आडाखाही नाही. त्याला ‘मनातले मांडे’ म्हणायचं का? पण मांडे म्हटलं की टवाळी केल्यासारखं होतं आणि मला ते नकोय, त्यांनी खरंच कागदावर कमानीचं माप काढून ठेवलंय.

शाहूपुरी —
वहिनी, मांड्यांत टवाळी आहेच, आणि शिवाय ते मांडे एकट्यानं खायचे असतात. तुमच्या मिस्टरांचं तसं नाही, ते इतरांपुढं बोलून दाखवतायत. ‘मागणं’ कसं वाटतं? अंबाबाईपुढं उभं राहून माणूस मागणं मागतो, त्यात लाज नाही नि खात्रीही नाही.

राजारामपुरी —
मागणं एकदम बसतंय, कारण लेगोची तशी सोयच आहे. लेगो आयडियाजवर कुणीही आपलं डिझाइन टाकायचं, 10,000 जणांनी पाठिंबा दिला की कंपनी ते बघायला घेते. नुसतं बघायला, होईलच असं नाही, दहा हजार गाठून परत गेलेली कितीतरी आहेत. ही पद्धत 2008 ला जपानात सुरू झाली. म्हणजे वहिनी, त्यांना सांगा माप काढलंय तर आता बांधून टाका तिथं. आम्ही सगळे पाठिंबा देतो.

आणि ग्रुपवर आजपासनं असं लिहायचं ठरवतोय, बघा बरोबर वाटतंय काय. “नंबर फुटलाय, नाव अजून नाही.” “ही वावडी आहे, कुणाची ते माहीत नाही.” “माझा आडाखा, पाच वर्षांचा ताळा बघितलाय.” “नुसती अटकळ, ह्याच्यावर पैसे लावू नका.” “हे माझं मागणं.” ज्या मित्राच्या ‘होणार’ वर मी अडीच हजार घातले त्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला माझं वाक्य परत लिहितो, आणि लिहिलं, “हा सेट डिसेंबरात बंद होईल असा माझा आडाखा आहे, तीन जुन्या सेटांवरनं.” तीन सेट कुठले ते विचारलं तर त्यातला एक वर्षभर उशिरा बंद झाला होता. तेव्हाच असं लिहिलं असतं तर मी विचारलं असतं.

मंगळवार पेठ —
आणि सेट बंद होतो त्याला काय म्हणता? निवृत्त?

राजारामपुरी —
निवृत्त नको, पेन्शन लागल्यागत वाटतंय. ‘बंद झाला’ पुरेसं आहे. ‘बंद पडला’ मात्र नको, ते मशीनचं.

उद्यमनगर —
आमच्यात साचा ‘काढून ठेवला’ म्हणतात. परत लागला तर परत चढवायचा.

राजारामपुरी —
काकांना विचारतो. ताजमहालाला तोच लागू होतोय.